टोपीला शिवलेले केस



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतली चार-पाच पोरे गोव्याला सहलीला जाऊन आली. सगळी नुकतीच कामाला लागलेली, पहिल्या बोनसच्या पैशांतून गेलेली. येताना सर्वांनी काजू आणले आणि एकाने टोपी आणली. लोकरीची, लाल, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांची. टोपीच्या कडेला काळ्या लोकरीच्या जाड वाती शिवलेल्या. टोपी डोक्यात घातली की त्या वाती खांद्यावर लोंबतात आणि माणसाला एकदम जटा आल्यासारखे दिसते. पोराने ती घालून वस्तीत फेरी मारली. सगळे हसले. ओट्यावर बसलेल्या आजीने मात्र विचारले, "ही कसली जट रे बाबा डोक्यावर?"

पोरगा म्हणाला, "आजी, ही रास्ता टोपी. जमैकात असतात तसले लोक. गांजा ओढतात, गाणी म्हणतात, मजेत राहतात."

"मग पोटापाण्याला काय करतात?" आजीने विचारले.

पोराला उत्तर आले नाही. खरे सांगायचे तर शेजारी उभ्या असलेल्या आम्हालाही लगेच आले नाही. आजीने जन्मभर चार घरची धुणीभांडी करून लेकरे शिकवली. तिला माणूस ओळखायचा तो त्याच्या कामावरून. तिच्या प्रश्नाने आम्हाला वाचायला बसवले. जे वाचले ते या आठवड्यात तुमच्यापुढे ठेवतो.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातले बेट. लोकवस्ती अठ्ठावीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबईपुढे फारच थोडी. बहुतेक लोक आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या गुलामांचे वंशज. उसाच्या मळ्यांवर इंग्रजांनी त्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतले. १ ऑगस्ट १८३८ रोजी गुलामी पूर्णपणे संपली. मग मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले, म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसे नेली. सुमारे ३६ हजार गेली. मराठी मुलखातून नव्हेत, बहुतेक उत्तरेकडच्या खेड्यांतून, कलकत्त्याच्या बंदरातून. त्यांच्याबरोबर गांजाही गेला आणि गांजा हा शब्दही गेला. आजही जमैकातला माणूस त्या पाल्याला 'गांजा'च म्हणतो. ज्या वस्तूवरून जग रास्ता माणसाला ओळखते, तिचे नाव आपल्या देशातल्या गरीब मजुरांनी तिकडे नेले आहे.

आता परदेशी पाहुण्यांकडे वळू. १८९० च्या सुमारास अमेरिकेची जहाजे जमैकात केळी न्यायला येत. येताना जहाज रिकामे का आणायचे, म्हणून त्यांनी हौशी प्रवासी आणायला सुरुवात केली. केळीचा व्यापार आणि सहलीचा धंदा असे एकाच जहाजातून आले. पाहुण्यांना बोलावण्यासाठी छायाचित्रे काढली गेली. त्यांत काय दिसे? नदीवर कपडे धुणाऱ्या काळ्या बायका, डोक्यावर केळीचे घड घेतलेले मजूर, गाढवावर बसलेली पोरे. सगळे गरीब, सगळे शांत, सगळे पाहुण्याच्या सेवेला हजर. पाहुणा घरून निघण्याआधीच जमैकाचा माणूस कसा असावा हे त्याच्या मनात ठरून गेलेले असे.

आणि जमैकाच्या माणसाला हॉटेलात जागा कुठे होती? फक्त स्वयंपाकघरात आणि पाट्या उचलायला. राजधानी किंग्स्टनमध्ये मर्टल बँक नावाचे मोठे हॉटेल होते. तिथल्या पोहण्याच्या तलावात काळ्या माणसाने उतरायचे नाही असा रिवाज. १९४८ साली इव्हॉन ब्लेक नावाच्या काळ्या पत्रकाराने सरळ त्या पाण्यात उडी मारली. गोरे पाहुणे भराभर बाहेर पडले. नंतर तलावातले पाणी काढून टाकले, असेही सांगतात. २० मार्च १९२७ रोजी महाडला काय झाले आणि नंतर चवदार तळ्याच्या 'शुद्धी'साठी काय केले गेले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. सात समुद्रांपलीकडे, आपले नावही न ऐकलेल्या एका माणसाने तेच केले. पाण्याला विटाळ होतो असे मानणारे सगळीकडे सारखेच आणि पाण्यात उतरणारेही सारखेच.

मग हे रास्ता कोण? 'रास्ता' म्हणजे आपला रस्ता नव्हे. इथिओपियात 'रास' ही सरदाराची पदवी. तफारी नावाचा रास २ नोव्हेंबर १९३० रोजी हेले सेलासी या नावाने सम्राट झाला. आफ्रिकेचा जवळजवळ सगळा खंड गोऱ्यांच्या ताब्यात असताना एका काळ्या माणसाच्या डोक्यावर मुकुट चढला. जमैकाच्या मार्कस गार्वी यांनी आधीच काळ्या माणसाला ताठ मानेने जगायला शिकवले होते. किंग्स्टनच्या झोपड्यांतल्या गरिबांना वाटले, हाच आपला तारणहार. लिओनार्ड हॉवेल नावाच्या माणसाने हा विचार गावोगाव सांगितला. इंग्रज राजाला मानू नका, आपला राजा आफ्रिकेत आहे, असे तो म्हणे. सरकारने त्याला १९३४ साली राजद्रोहाखाली तुरुंगात टाकले. गंमत अशी, की या हॉवेलने स्वतःला एक टोपणनाव घेतले होते, 'गंगुंगुरू माराघ'. त्यातला गुरू आणि महाराज आपल्याला ओळखू येतो. हिंदी मजुरांच्या सहवासाची ती खूण आहे.

सम्राटाला देव मानणे आम्हाला पटणारे नाही. माणसाला देव केले की काय होते, ते आपण आपल्या देशात पुष्कळ पाहिले आहे. पण राबून राबून वाकलेल्या लोकांनी मान वर करायला काय आधार धरला, हे समजून घेतले पाहिजे. त्यांनी केस विंचरणे आणि कापणे सोडले, ते बायबलातल्या एका व्रताचा आधार घेऊन. गोऱ्या साहेबाला आवडेल तसे दिसायचे नाही, हा त्यामागचा निश्चय. मीठ टाळून साधे, शेतातले अन्न खायचे. पोलीस, कचेरी आणि सावकार यांचे जे राज्य, त्याला ते 'बॅबिलॉन' म्हणतात. आणि 'आम्ही' म्हणायचे असेल तर ते म्हणतात 'आय अँड आय', मी आणि मी. समोरचाही माझ्याइतकाच 'मी' आहे, खालचा-वरचा कोणी नाही, असा त्याचा अर्थ. या सदरात आम्ही इतकी वर्षे 'आम्ही' लिहितो, पण त्या शब्दाचा असा विचार आम्हीही कधी केला नव्हता.

वाचकहो, रास्ताला तुच्छ लेखणारे पहिले लोक परदेशी पाहुणे नव्हते. त्याच्याच गावातले शिकलेले, सुस्थितीतले लोक होते. आया पोरांना भीती घालत, "रडू नको, नाहीतर ब्लॅकहार्ट मॅन येऊन घेऊन जाईल." तो ब्लॅकहार्ट मॅन म्हणजे जटावाला रास्ता. शाळेत घेत नसत, नोकरी देत नसत, बसमध्ये शेजारी बसत नसत.

आणि मग १९६३ साल आले. देश स्वतंत्र होऊन वर्षही झाले नव्हते. माँटेगो बे हे जमैकाचे सहलीचे मोठे शहर. त्याच्याजवळ कोरल गार्डन्स येथे ११ एप्रिल रोजी काही मोजक्या माणसांनी एका पेट्रोल पंपावर हल्ला केला. मागे जमिनीचा आणि पोलिसांच्या छळाचा जुना राग होता. त्या दिवशी आठ माणसे मेली, त्यांत दोन पोलीस होते. हे वाईटच झाले. पण शिक्षा कोणाला झाली? पश्चिम जमैकात दिसेल तो जटावाला धरला गेला. ज्यांनी तो पंप कधी पाहिलाही नव्हता, त्यांना घरांतून ओढून काढले, मारले, तुरुंगात कोंबले आणि त्यांचे केस जबरदस्तीने कापले. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता. रास्ता लोक त्याला आजही 'बॅड फ्रायडे' म्हणतात. जिथे हे घडले, तो किनारा हॉटेलांसाठी विकसित होऊ लागला होता. पाहुण्यांच्या वाटेत फाटका, जटावाला माणूस दिसायला नको, असे वाटणारेही तेव्हा पुष्कळ होते.

आता पुढची गोष्ट ऐका. २१ एप्रिल १९६६ रोजी सम्राट हेले सेलासी स्वतः जमैकाला आला. विमानतळावर रास्तांची एवढी गर्दी लोटली की सरकारी थाटमाट बाजूला राहिला. मॉर्टिमर प्लॅनो या रास्ता पुढाऱ्याने सम्राटाला विमानाच्या पायऱ्यांवरून खाली आणले. सरकारी समारंभात प्रथमच जटावाल्यांना बोलावणे आले. त्यानंतरच्या वर्षांत बॉब मार्ले या रास्ता गायकाची गाणी जगभर गेली. १९८१ साली तो वारला तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला गेला. पुढे त्याच्या गाण्याची धून जमैकाच्या सहलीच्या जाहिरातीत वाजू लागली. ज्या केसांना कात्री लावली, तेच केस लोकरीचे करून, टोपीला शिवून, विमानतळावरच्या दुकानात टांगले गेले. तिथून ती टोपी गोव्याला आली आणि गोव्यावरून आमच्या वस्तीत.

परदेशी पाहुण्याला आता जमैकाचा प्रत्येक माणूस रास्ता वाटतो. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत स्वतःला रास्ता म्हणवणारे सुमारे २९ हजार निघाले, म्हणजे शंभरात एखादा. बाकीचे बहुतेक ख्रिस्ती, दर रविवारी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला जाणारे. त्यांच्यातल्या एखाद्या शाळामास्तराला पाहुणा रस्त्यात विचारतो, "गांजा मिळेल का?" त्याला काय वाटत असेल? आणि खुद्द रास्तासाठी तो पाला प्रार्थनेचा भाग. त्याच्यासाठी त्यांच्या कितीतरी पिढ्या तुरुंगात गेल्या. जमैकाने २०१५ साली कायदा बदलला. दोन औंसांपर्यंत गांजा जवळ असणे हा आता फौजदारी गुन्हा राहिला नाही आणि रास्तांना धार्मिक कामासाठी त्याची मुभा मिळाली. आमच्या तरुण वाचकांनी मात्र याचा भलता अर्थ काढू नये. नशेने आपल्या वस्त्यांतली किती घरे बसवली, ते आपण रोज पाहतो.

आता उलट बाजू. जमैकाचा माणूस पाहुण्याला कसा पाहतो? २०२३ साली बोटीने येऊन संध्याकाळी परत जाणारे धरून ४० लाखांहून अधिक पाहुणे त्या बेटावर आले. घरात माणसे कमी आणि पाहुणे जास्त अशी ही तऱ्हा. पण त्यांतले पुष्कळ पाहुणे गाव पाहतच नाहीत. राहणे, खाणे, पिणे सगळे एकाच भाड्यात असलेल्या मोठमोठ्या हॉटेलांत ते उतरतात. मनगटाला पट्टी, भोवती कुंपण, दाराशी पहारा. बाहेर जाऊ नका, धोका आहे, असे त्यांना सांगितले जाते. मग बाहेरच्या बाजारात लाकडी बाहुल्या आणि टोपल्या घेऊन बसलेल्या बाईच्या पदरात काय पडणार? जो एखादा पाहुणा बाहेर येतो, त्याच्यावर दहा जण तुटून पडतात, "टॅक्सी? माळ? वेणी घालू का?" पाहुणा घरी जाऊन सांगतो, तिथले लोक पिच्छा सोडत नाहीत. बाजारातली बाई सांगते, हे लोक डोळ्याला डोळा भिडवत नाहीत. दोघांच्या मधे ते कुंपण आहे, त्याचे नाव कोणी घेत नाही.

समुद्राचेही तसेच. १९५६ साली जमैकात किनाऱ्यांचा कायदा झाला. त्यात सामान्य माणसाला प्रत्येक किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क दिलेला नाही. हॉटेले वाढत गेली तशी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांची वाट बंद होत गेली. त्याविरुद्ध लोकांनी संघटना बांधल्या, कोर्टात दावे नेले. स्वतःच्या समुद्रात अंघोळ करायला परवानगी मागावी लागते, तेव्हा माणूस पाहुण्याकडे कोणत्या नजरेने पाहील?

एक साधी गोष्ट आमच्या घरच्या पानांसाठी मुद्दाम सांगतो. जमैकात खोलीत शिरताना, दुकानात, गाडीत बसताना आधी "गुड मॉर्निंग" म्हणायची रीत आहे. न म्हणणारा तो उद्धट. पाहुणा येतो, नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट कॅमेरा काढतो आणि जटावाल्या म्हाताऱ्याचा फोटो घेतो. म्हातारा रागावला किंवा त्याने पैसे मागितले, की पाहुण्याला वाटते हे लोक लोभी. आपल्या दारात येऊन कोणी न विचारता आपल्या आजीचा फोटो काढला तर आपण त्याला चहा पाजू का?

पैशाने आणखीही एक प्रकार झाला. बायकांना आणि वाढत्या मुलांना घेऊन बोलायला तो अवघड आहे, पण लपवून उपयोग नाही. एकट्या येणाऱ्या परदेशी बायकांना जटावाले तरुण आवडतात, हे पाहून किनाऱ्यावरच्या बेकार पोरांनी जटा वाढवल्या. त्यांच्यासाठी 'रेंट-अ-ड्रेड', म्हणजे भाड्याचा जटावाला, असा शब्दच निघाला. या व्यवहारावर दोन संशोधक बायकांनी १९९५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. बाईला वाटे, हे प्रेम. पोराला वाटे, हिच्यामुळे परदेशाचा कागद मिळेल. दोघेही एकमेकांना पुरते खोटे नव्हते आणि पुरते खरेही नव्हते. जुने रास्ता अशा पोरांना 'लांडगा' म्हणतात. आम्ही त्या पोरांना दोष देताना हात आखडता घेऊ. काम मिळाले असते तर केस विकायची वेळ आली नसती.

खुद्द रास्ता परक्या देशात जातो तेव्हा काय होते? इथिओपियाच्या सम्राटाने शाशमाने येथे आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी जमीन दिली होती. आपल्या मायभूमीत परत चाललो, या भावनेने जमैकाचे काही रास्ता तिथे जाऊन राहिले. पण तिथल्या शेतकऱ्यांना ते परके वाटले. त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळे आणि ज्याला तिथले लोक राजा म्हणून ओळखत, त्यालाच हे देव म्हणत. १९७४ साली सम्राटाला पदच्युत केले आणि पुढच्या सरकारने त्यातली बरीच जमीनही काढून घेतली. २०१७ साली कुठे इथिओपियाने त्यांना ओळखपत्रे द्यायचे ठरवले. म्हणजे ज्याला घरी कोणी नीट पाहिले नाही, त्याला मायभूमीतही बरीच वर्षे कोणी नीट पाहिले नाही.

आपणही परक्याकडे फार नितळ नजरेने पाहतो असे नाही. १९७६ साली किंग्स्टनच्या सबिना पार्कवर आपल्या संघावर होल्डिंग आणि मंडळींनी चेंडूंचा मारा केला. अंशुमन गायकवाड कानावर चेंडू बसून इस्पितळात गेले. दुसऱ्या डावात आपले पाच फलंदाज खेळूच शकले नाहीत. प्रेक्षक आणखी मारा, असे ओरडत होते. सुनील गावसकरांनी पुढे आपल्या 'सनी डेज' या पुस्तकात त्या प्रेक्षकांना रानटी ठरवणारे शब्द लिहिले. संताप आम्ही समजू शकतो, डोळ्यांदेखत सोबती रक्तबंबाळ होत होते. पण मैदानावरच्या गर्दीचा राग काढताना माणसाच्या साऱ्या जातीलाच रानात धाडणे बरे नव्हे. असे शब्द आपल्या वाडवडिलांनी फार ऐकले आहेत.

रास्ता म्हणजे सगळे चांगलेच, असेही आमचे म्हणणे नाही. त्यांच्यातल्या बोबो नावाच्या पंथात पाळी आलेल्या बाईला आजही वेगळे बसवतात. 'आय अँड आय' म्हणणाऱ्यांनी बाईलाही 'मी' म्हणून मोजले पाहिजे. आमच्या भगिनींना यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

पण न्यायही हळूहळू होतो आहे. ४ एप्रिल २०१७ रोजी जमैकाच्या पंतप्रधानांनी, अँड्र्यू होलनेस यांनी, संसदेत उभे राहून कोरल गार्डन्सच्या अत्याचाराबद्दल सरकारतर्फे माफी मागितली. पीडितांसाठी निधीही जाहीर झाला. तोवर ५४ वर्षे उलटली होती. कात्रीखाली मान दिलेले कितीतरी तरुण तेव्हा थडग्यात होते आणि उरलेले काठी टेकत होते. २०१८ साली एका लहान मुलीला, केस कापल्याशिवाय शाळेत येऊ नको, असे सांगण्यात आले. आईबाप कोर्टात गेले. २०२० साली ते हरले, पण मागे हटले नाहीत. २०२४ साली वरच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सहा वर्षे लढा चालू ठेवणाऱ्या त्या आईबापांना आमचा जयभीम.

माँटेगो बेजवळ रास्तांनी स्वतःच आपली वसाहत पाहुण्यांना उघडी केली आहे. तिथे पाहुणा त्यांच्या पायवाटेने येतो, त्यांचे ढोल ऐकतो, औषधी झाडे पाहतो, त्यांच्या हातचे जेवतो. पैसे तिथेही द्यावे लागतात. पण आपली गोष्ट आपण सांगायची की हॉटेलाच्या जाहिरातीने, एवढा फरक पडतो. बसून जेवलेला पाहुणा निदान नाव विचारून जातो.

आता आजीचा प्रश्न. आम्ही शनिवारी तिच्या ओट्यावर जाऊन उत्तर दिले. आजी, ते शेती करतात, मासे धरतात, झाडू बांधतात, सुतारकाम करतात. हॉवेलने १९४० साली पिनॅकल नावाची वसाहत वसवली, तिथे ते शेती करत, कोळसा पाडत, पाव भाजत. पोलिसांनी ती पुन्हा पुन्हा धाड घालून मोडली. आजीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच की. मग त्या पोराने हसायला ती टोपी कशाला आणली?"

पोरगा तिथेच उभा होता. टोपी त्याने फेकली नाही आणि फेकावी असे आम्हीही म्हणालो नाही, पैसे घामाचे होते. पण आता कोणी विचारले की तो १९६३ ची गोष्ट सांगतो. परवा नाक्यावर सांगत होता, आम्ही मागे उभे राहून ऐकली. एक-दोन वर्षे चुकवली त्याने, बाकी बरोबर सांगितले.